लहान बाजारपेठेतला मोठा नट

१२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री या तळकोकणातील वृद्ध दशावतारी कलावंताची भूमिका केली, तेव्हा त्यांनी वयाची ८१ वर्षे पुरी केली होती. दृष्टी मंदावत चाललेला, तरीही तोंडाला रंग लावून रात्रीच्या खेळात उभे राहिल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, असा हा म्हातारा पाहावयास प्रेक्षकांनी गर्दी केली आणि प्रभावळकरांना पुन्हा एकवार ‘अष्टपैलू’ हे विशेषण बहाल झाले. विशेषण खोटे नाही. परंतु एकदा ते लावले, की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही, अशी आपली समजूत होते. हा अष्टपैलूपणा कोठून आला, कोणत्या परिस्थितीत तो वाढीस लागला आणि उद्याच्या नटाच्या वाट्याला तो येईल काय, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

अभिनय ही ईश्वरी देणगी आहे असे म्हणून आपण नटाचे कौतुक करतो आणि त्याच श्वासात त्याच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न नजरेआड करतो. देणगी असतेच. परंतु बियाणे कितीही उत्तम असले तरी खाचरात वेळेवर पाणी लागते, हे महाड-पोलादपूरकडच्या भातशेती करणाऱ्या माणसास सांगावयास नको. प्रभावळकरांच्या सुमारे सहा दशकांच्या वाटचालीकडे या दृष्टीने पाहिले, तर तीत एका नटाच्या यशाबरोबरच मराठी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या अर्थव्यवहाराचाही इतिहास सापडतो. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र असल्यामुळे त्याने हा इतिहास त्या अंगाने वाचावा, हे वाचक समजून घेतील.

विज्ञानाकडून रंगभूमीकडे

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. शिक्षण विज्ञानशाखेचे, आणि पुढे औषधनिर्मितीच्या उद्योगात नोकरी. त्यांच्या पिढीच्या मराठी मध्यमवर्गात याहून सुरक्षित वाट दुसरी नव्हती. ही वाट चालत असतानाच ते ‘रंगायन’च्या प्रायोगिक रंगभूमीवर आले. विजय तेंडुलकरांच्या ‘लोभ नसावा ही विनंती’मधून त्यांचा आरंभ झाला. त्यानंतर रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्य चळवळीत ते शिरले आणि ‘अलबत्या गलबत्या’मधील त्यांची चेटकीण मुलांच्या एका पिढीच्या मनात घर करून बसली. त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’ या महाभारतावरील नाटकात १९७४ साली त्यांनी विदुर उभा केला. २०१८ साली ‘आरण्यक’ पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हाही विदुर तेच होते. तिशीत ज्याने वार्धक्य वठविले, त्याने ती भूमिका सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच्या वयाने केली.

चेटकीण आणि विदुर यांच्यामधले अंतर मोजले म्हणजे पुढची यादी आश्चर्याची वाटत नाही. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त त्यांनी बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलाचा बाप रंगविला. दोनएक वर्षांतच, १९९१ च्या ‘चौकट राजा’ या संजय सूरकर यांच्या चित्रपटात, ते स्वतःच तशा मुलाच्या, नंदूच्या, भूमिकेत दिसले. एकाच दुःखाची दोन टोके एका नटाने इतक्या लागोपाठ पेलल्याचे उदाहरण विरळा. १९९३ च्या महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये ते तात्या विंचू नावाचे खुनशी गुंड झाले. ‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात स्वतःच सहा भूमिका केल्या. २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ या हिंदी चित्रपटात ते महात्मा गांधी झाले. त्या वर्षाचा साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’ या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी, असा संयुक्तपणे देण्यात आला. तात्या विंचू आणि महात्मा गांधी हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर लोकांनी स्वीकारले, यात नटाच्या सामर्थ्याबरोबरच प्रेक्षकांच्या समंजसपणाचीही साक्ष आहे.

बाजारपेठेची व्याप्ती

आता अर्थशास्त्राकडे वळू. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अॅडम स्मिथने श्रमविभागणीचे गुणगान केले, हे आमचे प्रथम वर्षाचे विद्यार्थीही सांगतील. परंतु लगोलग त्याने एक मर्यादा सांगितली, तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. श्रमविभागणी कोठवर न्यावी हे बाजारपेठेच्या व्याप्तीवर ठरते, असे तो म्हणतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातील विरळ वस्तीत प्रत्येक शेतकऱ्यास आपल्या घरापुरता खाटीक, पाव भाजणारा आणि मद्य गाळणारा व्हावे लागते, हे त्याचे उदाहरण. आपल्याकडच्या डोंगरवाड्यांत तरी निराळे काय होते? नांगर धरणारा हातच पावसाआधी घर शाकारी, तोच गडगा रची आणि गौरी-गणपतीत जाखडीच्या फेरात मृदंगावर तोच पडे. गावाला निव्वळ मृदंग वाजविणारा माणूस पोसणे परवडत नसे. म्हणून सर्वांना थोडे थोडे सर्व काही यावे लागे.

मराठी नटाची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. युरोपातील कित्येक राष्ट्रांची लोकसंख्या याहून कमी भरेल. तेव्हा माणसांची वाण नाही. वाण आहे ती पदरचे पैसे देऊन मराठी तिकीट काढणाऱ्यांची. हिंदी चित्रपटाची राजधानी आपल्याच राजधानीत वसली आहे आणि मराठी माणसास हिंदी समजते. त्यामुळे ज्या चित्रपटगृहाची, ज्या रविवारची आणि ज्या खिशाची मराठी निर्मात्याने आशा धरावी, त्यांवर हिंदीचा हक्क आधीच बसलेला असतो. अशा आखूड बाजारपेठेत ‘मी फक्त गंभीर भूमिका करीन’ अथवा ‘मी फक्त चित्रपटांतच दिसेन’ असे म्हणणारा नट उपाशी राहतो. त्याला नाटक, बालनाट्य, आकाशवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि जमल्यास लेखन, या सर्व खाचरांत थोडे थोडे पेरावे लागते.

प्रभावळकरांच्या अष्टपैलूपणाचे एक मूळ या सक्तीत आहे, असे माझे मत आहे. यात त्यांचा मोठेपणा उणावत नाही, उलट वाढतो. कारण तीच सक्ती इतर अनेकांवरही होती आणि पुष्कळांनी ती केवळ निभावून नेली. एका माध्यमातून शिकलेले दुसऱ्या माध्यमात नेऊन रुजविण्याचे काम प्रभावळकरांनी केले. बालनाट्यातील चेटकिणीचा ठसठशीतपणा तात्या विंचूला कामी आला. ‘नातीगोती’तल्या बापाने कोंडून धरलेले दुःख टिपरे आजोबांच्या मिस्किलपणाच्या तळाशी कुठेतरी जाणवते.

नोकरीचे अनुदान

याच पिढीविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. १९६९ च्या सुमारास व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. अशोक सराफ यांनी कित्येक वर्षे स्टेट बँकेत नोकरी केली. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. अशी नावे आणखीही देता येतील. वरवर पाहता हा योगायोग वाटतो. वस्तुतः ती एक व्यवस्थाच होती. बँका, रुग्णालये, महापालिका आणि कारखाने यांनी दरमहा दिलेल्या पगाराच्या आधारावर मराठी रंगभूमी उभी होती. सरकारने कोणत्याही अंदाजपत्रकात न दाखविलेले असे हे अनुदान होते. सायंकाळी साडेपाचला कचेरी सोडून तालमीला धावणारा कारकून, त्याची पाळी सांभाळून घेणारा सहकारी आणि उशिरा आल्याबद्दल डोळेझाक करणारा हेडक्लार्क, हे तिघेही या अनुदानाचे वाटेकरी होते. वाचकांपैकी काहींनी तरी यांतली एखादी भूमिका आपल्या हयातीत केली असेल.

या अनुदानाचा परिणाम केवळ पोट भरण्यापुरता नव्हता. ज्याची चूल अभिनयावर पेटत नाही, त्याला ‘नाही’ म्हणता येते. आलेली भूमिका नाकारण्याची ताकद ही नटाची खरी भांडवली गुंतवणूक होय. तेंडुलकर-मतकरींची प्रायोगिक नाटके ज्यांनी अल्प मानधनात अथवा मानधनावाचून केली, त्यांच्यापाठीमागे बहुधा कोठल्यातरी हजेरीपटावर लिहिलेले नाव होते. उपाशी नट धाडस करीत नाही, आणि केलेच तर ते फार काळ टिकत नाही.

घराघरांतला चिमणराव

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि या जुन्या व्यवस्थेत एक नवी शक्ती आली. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका झाली. चिमणरावांच्या भूमिकेत प्रभावळकर आणि गुंड्याभाऊंच्या भूमिकेत बाळ कर्वे अशी ही जोडी होती. चिमणराव पडद्यावर पूर्वीही आले होते; १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकरांनी ते साकारले होते. परंतु चित्रपटगृहात जाऊन चिमणराव पाहणे निराळे आणि चिमणरावांनी आपल्या बैठकीच्या खोलीत येणे निराळे. दूरचित्रवाणी संच ज्यांच्या घरी होता, त्यांच्याकडे त्या संध्याकाळी सारी चाळ जमे. भित्रा, पापभीरू, संसाराने बेजार झालेला आणि तरीही आपले शहाणपण सांगण्याची हौस न सुटलेला तो गृहस्थ पाहून प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवी आणि मनातून स्वतःला ओळखी.

स्मिथने नट, गायक आणि विदूषक यांच्या श्रमास ‘अनुत्पादक’ ठरविले होते. त्याचा युक्तिवाद असा, की त्यांचे काम ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी नाहीसे होते. साठवावे, विकावे असे काही मागे उरत नाही. त्याच्या काळी ते खरेही होते. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी हे सूत्र उलटविले. नटाचे श्रम आता साठवता येऊ लागले, पुन्हा पुन्हा दाखविता येऊ लागले. ज्याने ते साठविले त्याच्या हाती एक कायमचे उत्पन्न आले. ते उत्पन्न कोणाचे, या प्रश्नाकडे पुढे यावयाचेच आहे.

साठवणुकीचा दुसरा परिणाम म्हणजे प्रतिमा. नाटकातला नट पडदा पडला की सुटतो. पडद्यावरच्या नटाला त्याची गाजलेली भूमिका सोडीत नाही. निळू फुले यांनी १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून इतके अस्सल खलपुरुष उभे केले, की राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या त्या सत्शील माणसास खेड्यापाड्यांतील बायाबापड्या खरोखरीच घाबरत. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे उदाहरण अधिक करुण आहे. १९८५ च्या ‘धूमधडाका’नंतर त्यांच्या नावावर चित्रपट विकले जाऊ लागले आणि बाजारपेठेने त्यांना विनोदाच्या एका साच्यात बसवून टाकले. १९९२ साली डॉ. जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये त्यांनी आपल्यातल्या गंभीर नटाचा पुरावा दिला, परंतु त्यांना हसण्यासाठी ओळखणाऱ्या प्रेक्षकवर्गाने त्याची व्हावी तशी कदर केली नाही. २००४ साली, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, ते गेले. गुणांत ते कोणाहून कमी नव्हते. परंतु यश जितके मोठे तितका साचा घट्ट, हा बाजाराचा नियम त्यांच्या वाट्याला पुरेपूर आला.

चिमणराव एवढा गाजल्यावर प्रभावळकरांनाही जन्मभर चिमणरावच राहणे सहज शक्य होते. ते राहिले नाहीत, यामागे त्यांचा विवेक होता तसाच रंगभूमीचा आधारही होता. पडद्याने एका साच्यात धरले तरी नाटक त्यांना दुसरीकडून हाक मारीत होते. ज्याला दोन धनी असतात तो एकाचाही गुलाम होत नाही.

आठवड्याची मालिका आणि रोजची मालिका

१९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी आली आणि २००१ मध्ये तिच्यावर केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली. तिचा जन्म प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या वृत्तपत्रीय लेखनातून झाला होता. सत्तावन्न वर्षांच्या नटाने त्याहून कितीतरी वृद्ध आजोबा उभे केले. मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे ते घर. त्यात कोणी कपटी नाही, कोणाचा खून नाही, कोणाची मालमत्ता लुबाडली जात नाही. विजेचे बिल, परीक्षेचे निकाल, पाहुण्यांची वर्दळ एवढ्याच भांडवलावर ती मालिका चालली. कारण ती आठवड्यातून एकदाच येई. लेखकास लिहावयास, नटास विचार करावयास आणि प्रेक्षकास वाट पाहावयास मध्ये सहा दिवस मिळत. काही वर्षांनी, लोकांना हवीहवीशी वाटत असतानाच, ती थांबली.

त्यानंतर रोजच्या मालिकांचे राज्य आले. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगक्षम कलांची एक अडचण दाखवून दिली होती. कारखान्यात यंत्र आले की त्याच तासात अधिक माल निघतो. परंतु तीन तासांच्या नाटकास आजही तीन तास आणि तितकीच माणसे लागतात. म्हणून कलेचा खर्च इतर वस्तूंच्या मानाने वाढतच जातो. रोजच्या मालिकेने या अडचणीवर आपल्या परीने तोडगा काढला. विचाराचा आणि तालमीचा वेळ तिने वजा केला. दिवसाकाठी सुमारे वीस-बावीस मिनिटांचे चित्रण पुरे करावयाचे, संवाद आदल्या रात्री अथवा त्याच सकाळी हाती यावयाचे, बारा-बारा तास उभे राहावयाचे आणि हे वर्षानुवर्षे एकाच भूमिकेत. मानधन दिवसाच्या हिशेबाने ठरते आणि ते नव्वद दिवसांनी देण्याची रीत या धंद्यात रूढ झाली आहे. मजूर म्हणावे तर आठवड्याचा पगार नाही आणि कलावंत म्हणावे तर तालीम नाही, अशी ही अवस्था आहे.

या युक्तिवादाची दुसरी बाजू सांगणे न्यायाचे होईल. दूरदर्शनच्या काळी दार एकच होते आणि ते अरुंद होते. मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलामुलींनी त्यातून आत शिरणे जवळजवळ अशक्यच होते. आज वाहिन्या अनेक आहेत. त्यांनी हजारो नटांना, लेखकांना, रंगभूषाकारांना आणि प्रकाशयोजना करणाऱ्यांना काम दिले. कोल्हापूर, नाशिक, सातारा येथील मुले त्यांत दिसू लागली. बाजारपेठ वाढली म्हणून शोक करणे हे अर्थशास्त्राच्या शिक्षकास शोभणारे नाही. परंतु स्मिथचे सूत्र आता दुसऱ्या बाजूने लागू झाले, हेही पाहिले पाहिजे. बाजारपेठ वाढली तशी श्रमविभागणी आली. सासूचे काम करणारी बाई सासूच राहिली आणि खलनायिका खलनायिकाच. टाचणीच्या कारखान्यातल्या कामगाराविषयी स्मिथला जी भीती वाटत होती, की एकच क्रिया आयुष्यभर करून माणसाची बुद्धी मंदावते, ती भीती आता नटाविषयी वाटावी अशी स्थिती आहे. त्यातच १९८१ साली शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने दाखविल्याप्रमाणे, एकाची कला लक्षावधींपर्यंत पोचविणारी साधने आली म्हणजे गुणातल्या थोड्या फरकानेही उत्पन्नात प्रचंड फरक पडतो. शिखरावरच्या चार-दोन जणांना अमाप मिळते आणि पायथ्याशी असलेल्या शेकडोंना पुढच्या महिन्याची शाश्वती नसते.

नारबाचा करार

२०१३ साली आलेल्या आदित्य सरपोतदार यांच्या ‘नारबाची वाडी’ या चित्रपटाची मूळ कथा मनोज मित्रा यांच्या बंगाली नाटकाची. परंतु ती कोकणात इतकी चपखल बसली, की ती आपल्याच मातीतली वाटावी. नारबा नावाचा म्हातारा आपल्या वाडीवर जीव लावून आहे आणि गावच्या खोताचा तिच्यावर डोळा आहे. शेवटी करार होतो. नारबा जिवंत असेपर्यंत खोताने त्यास दरमहा ठराविक रक्कम द्यावयाची. तो गेल्यावर वाडी खोताची. म्हातारा आज-उद्या जाईल या हिशेबाने खोत खूश होतो. प्रत्यक्षात दरमहा पैसे मिळू लागताच नारबाची तब्येत सुधारते, आणि झुरावयाची पाळी खोतावर येते. प्रभावळकरांनी नारबा असा काही केला आहे, की त्याच्या प्रत्येक घासाबरोबर खोताचा एक घास कमी होताना दिसतो.

अर्थशास्त्रात याला जुन्या मराठीतला एक सुंदर शब्द आहे: वर्षासन. आपल्याजवळची मालमत्ता सोपवून त्या बदल्यात आमरण नियमित उत्पन्न घेणे, हा तो करार होय. नटाची वाडी म्हणजे त्याचा चेहरा, त्याचा आवाज आणि त्याने साठवून दिलेले श्रम. ही वाडी तो निर्मात्यास बहुधा एकरकमी देऊन टाकतो. मालिका पुन्हा दाखविली जाते, चित्रपट नव्या वाहिनीस आणि नव्या माध्यमास विकला जातो, फळे दरसाल लागतात. परंतु वर्षासनाची तरतूद करारात सहसा नसते. नारबाला जे उमगले ते आमच्या कलावंतांस उमगले नाही असे नव्हे. त्यांच्या हाती करार लिहिण्याची लेखणी नव्हती, एवढेच.

कायद्याने या बाबतीत फार उशिरा डोळे उघडले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नटाच्या अभिनयावर नटाचा हक्क असा मानलाच नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देव आनंद यांच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या कायद्याचा तसाच अर्थ लावला. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क प्रथम मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने अभिनयाच्या व्यापारी वापरावर रॉयल्टी मिळण्याचा हक्क दिला. कागदावर ही मोठी प्रगती आहे. परंतु जो नट पुढच्या मालिकेसाठी त्याच निर्मात्याच्या दारात उभा राहणार, तो मागच्या मालिकेच्या रॉयल्टीसाठी भांडेल काय? एकेकट्याने मागावयाचा हक्क हा दुबळ्यांच्या कामाचा नसतो. तो वसूल करून देणारी भक्कम संघटना आणि करारातील काही कलमे सक्तीची करणारा नियम, ही दोन्ही हवीत. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ मध्ये ती रक्कम दरमहा ५,००० रुपये करण्यात आली. ती स्वागतार्ह आहे. तथापि ज्याने आयुष्यभर उत्पन्न निर्माण केले, त्याला म्हातारपणी अर्ज करून मदत मागावी लागणे आणि स्वतःच्या श्रमाचे वर्षासन त्याला हक्काने मिळणे, यांत सन्मानाचा जो फरक आहे तो रुपयांत मोजता येत नाही.

वीरच्या फलाटावरून

हे सर्व आम्हा वीर-महाडकडच्या लोकांना कशासाठी, असे कोणी विचारील. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा जून १९९३ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि मुंबई जवळ आली. पूर्वी आमची मुले गिरणीत आणि गोदीत कामाला जाण्यासाठी एसटीत बसत. आता त्याच मुलांची मुले, महाविद्यालयीन एकांकिकेत एखादे पारितोषिक मिळाले की, मालिकेच्या निवडचाचणीसाठी वीरच्या फलाटावर उभी दिसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा चेहरा असतो. त्यामागची साठ वर्षे नसतात. काही पदवीचे शेवटचे वर्ष अर्धवट टाकून जातात. आईबाप एक तर कपाळाला हात लावतात, नाही तर उसने काढून पैसे देतात. दोन्ही उपाय चुकीचे आहेत.

या मुलांना अडवू नये. त्यांना प्रभावळकरांचे चरित्र नीट वाचावयास द्यावे. त्यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की उपजीविकेचे एक साधन हाती असणे हा कलेशी द्रोह नव्हे. ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य त्यातूनच येते. दुसरी ही, की पडद्याकडे जाणारी वाट रंगभूमीवरून जावी आणि अधूनमधून तेथे परत यावी. साच्यातून सुटण्याचा तेवढाच एक मार्ग आहे. आणि तिसरी, कदाचित सर्वांत महत्त्वाची: दुसऱ्याने लिहिलेल्या भूमिकेची वाट पाहत बसू नये. ‘हसवाफसवी’ आणि टिपरे आजोबा प्रभावळकरांना कोणी देऊ केले नाहीत. ते त्यांनी आपल्या लेखणीने स्वतःसाठी निर्माण केले. ज्याच्या हाती स्वतःची संहिता आहे, त्याच्या वाडीवर खोताचा डोळा सहजासहजी पडत नाही.

शिक्षक, कारकून आणि अधिकारी यांनाही यातून एक बोध घेता येईल. जुन्या पिढीतील बँकांनी व कचेऱ्यांनी न बोलता जे अनुदान दिले, ते आता आटत चालले आहे. कायम नोकऱ्या कमी झाल्या, कंत्राटी वाढल्या आणि संध्याकाळी साडेपाचला कचेरी सुटणे ही कित्येकांच्या बाबतीत दंतकथा झाली. अशा वेळी नाटक करणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी थोडी सांभाळून घेणे, तालमीसाठी एखादा वर्ग उघडून देणे, तालुक्याच्या गावचे नाट्यगृह हौशी संस्थेस परवडेल अशा भाड्यात मिळावे म्हणून नगरपालिकेकडे आग्रह धरणे, आणि आपल्या गावी आलेल्या मराठी नाटकाचे तिकीट फुकट पास न मागता विकत घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. बाजारपेठ लहान आहे अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने ती आपल्या एका तिकिटापुरती मोठी केली, तर तक्रारीचा बराचसा भाग आपोआप मिटेल.

‘दशावतार’मधला बाबुली मेस्त्री हा केवळ नट नाही. तो आपल्या रानाशी, देवाशी आणि गावाशी बांधलेला माणूस आहे, म्हणून त्याचे अवतार खरे वाटतात. प्रभावळकरांची पिढीही अशीच कचेरीशी, चाळीशी आणि तालमीच्या खोलीशी बांधलेली होती. त्या बांधिलकीतूनच तिला चेहरे सापडले. पुढची पिढी त्या जुन्या सक्तीखाली जगावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या सक्तीने जे स्वातंत्र्य नकळत दिले होते, ते आता आपण समजूनउमजून, कायद्याने, संघटनेने आणि पदरच्या पैशाने द्यावयास हवे. एरव्ही ऐंशीव्या वर्षीही नवी भूमिका करणाऱ्या नटाचे आपण कौतुक करीत राहू, आणि तसा नट घडणे मात्र दिवसेंदिवस अवघड होत जाईल.